घरगुती पाळणाघरांचे तारांकन (अमेरिका)

स्वतःच्या राहत्या घरात, मोबदला घेऊन, दुसऱ्यांची मुले दिवसभर सांभाळणाऱ्या व्यक्तींच्या कामाचा दर्जा राज्यशासनाने ठरवून देण्याची पद्धत. शासन पाहणी करते, घराला तारा किंवा पायरी देते, त्या पायरीनुसार अनुदानाचा दर बदलते आणि निकाल पालकांसाठी जाहीर करते. अमेरिकेत बालसंगोपनाचे परवाने संघशासन देत नाही. तो राज्यांचा विषय आहे. त्यामुळे ताऱ्यांची संख्या, निकष आणि सक्ती राज्यागणिक बदलते. एका राज्यातील तीन तारे म्हणजे सर्वोच्च दर्जा, तर शेजारच्या राज्यात तेच तीन तारे मधली पायरी असू शकतात.

घरांचे प्रकार : एकट्या चालकाचे लहान घर आणि मदतनीस ठेवून चालवलेले मोठे घर असे दोन परवाने बहुतेक राज्यांत आढळतात. कॅलिफोर्नियात लहान घराची मर्यादा, मुलांच्या वयांनुसार, सहा किंवा आठ आणि मोठ्याची बारा किंवा चौदा आहे. परवान्याची गरजच नसलेला तिसरा गट सर्वांत मोठा आहे. त्यात आजी, मावशी, शेजारीण किंवा एकाच कुटुंबाची मुले सांभाळणारी बाई मोडते. २०१२ च्या राष्ट्रीय पाहणीत शासकीय याद्यांवर असलेले गृहचालक सुमारे १ लाख १८ हजार भरले, तर कोणत्याही यादीत नसलेले पण पैसे घेऊन मुले सांभाळणारे सुमारे ९ लाख १९ हजार. तारांकनाची सारी चर्चा यांपैकी पहिल्या, छोट्या गटापुरती चालते, हे पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे.

पूर्वपीठिका : घरगुती पाळणाघरांचा पहिला व्यापक शासकीय अभ्यास १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया आणि सॅन अँटोनिओ या शहरांत झाला. त्या काळात अशा घरांत पाऊल टाकणारी नियमित शासकीय यंत्रणा बहुधा एकच होती, ती म्हणजे बालकांच्या आहाराला पैसे पुरवणारी संघीय योजना. १९६८ मध्ये सुरू झालेली ही योजना १९७८ मध्ये कायम झाली. ती घराघरांत राबवणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते आजही वर्षातून तीनदा घरी येऊन ताटात काय वाढले आहे ते पाहतात. पुढे तारांकनाने ज्या घरभेटींचा गाजावाजा केला, त्यांची सवय चालकांना अशी आधीच लागलेली होती. १९९४ मध्ये एलन गॅलिन्स्की, कॅरोली हाउस, सुसान कोंटोस आणि मेरीबेथ शिन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाहिलेल्या घरांपैकी केवळ ९ टक्के चांगली, ५६ टक्के जेमतेम आणि ३५ टक्के अपुरी ठरली. हे आकडे पुढे धोरणांच्या मसुद्यांत वारंवार येत राहिले. अभ्यास तीनच परिसरांतला होता आणि नात्यातल्या सांभाळणाऱ्या व्यक्तीही त्यात होत्या, हा तपशील मात्र सहसा गळून पडला.

उगमाचा वाद : ओक्लाहोमाने १९९८ मध्ये ‘रीचिंग फॉर द स्टार्स’ हा कार्यक्रम सुरू केला आणि पहिले राज्यव्यापी तारांकन म्हणून बहुतेक संदर्भग्रंथ त्याचाच निर्देश करतात. तेथे परवाना मिळाला की एक तारा आपोआप मिळे. दोन ताऱ्यांसाठी प्रशिक्षण, पालकसंपर्क वगैरे वाढीव अटी होत्या. राष्ट्रीय संघटनेचे मानांकन, म्हणजे तिने तपासून दिलेली दर्जाची मान्यता, हा तीन ताऱ्यांकडे नेणारा मार्ग होता. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीतील अंतर फार पडते असे दिसल्यावर मध्ये ‘एक अधिक’ अशी पायरी घातली गेली. नॉर्थ कॅरोलायनाने त्यानंतर लगेच, १९९९ मध्ये केंद्रांसाठी आणि २००० मध्ये घरांसाठी, पाच ताऱ्यांचा परवाना आणला. टेनेसीची पद्धत २००१ ची, पेनसिल्व्हेनियाची २००२ ची.

‘पहिले कोण’ याचे उत्तर मात्र तारांकनात काय काय मोजायचे यावर अवलंबून आहे. चढत्या दर्जाला चढते पैसे, एवढीच खूण धरली तर उगम मागे सरकतो : फ्लोरिडाने १९९६ मध्येच मानांकनप्राप्त पाळणाघरांना वेगळा शासकीय शिक्का देऊ केला होता. त्यामागे व्यावसायिक संघटनांची मानांकने होती. केंद्रांसाठी ती १९८५ पासून मिळत आणि घरांसाठीचे मानांकन १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले. तपासणी आणि सुधारणेसाठी मदत या दोन्हींची सांगड ही खूण धरली तर उगम लष्करी तळांवर सापडतो. १९८९ च्या लष्करी बालसंगोपन कायद्याने तळांवरील पाळणाघरांसाठी अघोषित तपासण्या, सेविकांचे प्रशिक्षण व वेतन यांची घडी बसवली आणि त्याच व्यवस्थेत सैनिकांच्या पत्नी चालवत असलेली घरेही आली. तिसरे मत नॉर्थ कॅरोलायनातील तयारीला महत्त्व देते : सेविकांच्या शिक्षणासाठी १९९० मध्ये सुरू झालेली शिष्यवृत्ती आणि १९९३ चा ‘स्मार्ट स्टार्ट’ उपक्रम नसता, तर पाच ताऱ्यांचा परवाना कागदावरच राहिला असता.

बालसंगोपन धोरणाच्या अभ्यासक ॲन मिचेल यांनी २००५ मध्ये तारांकनाचे पाच घटक मांडले : निकष, पडताळणी, चालकांना मदत, आर्थिक प्रोत्साहन आणि पालकांना माहिती. हे पाचही एकत्र हवेत असे म्हटले की ओक्लाहोमाचा दावा टिकतो. पण ही व्याख्या कार्यक्रम सुरू झाल्यानंतर, चालू कार्यक्रमांकडे पाहून घडवलेली आहे. तिच्या आधारे पहिलेपणा ठरवणे म्हणजे निकाल लागल्यावर नियम लिहिण्यासारखे होते. लष्करी पूर्वपरंपरेला आजवर मिळाले त्याहून अधिक श्रेय द्यायला हवे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. घरगुती पाळणाघरांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे, कारण घर आणि केंद्र यांना एकाच व्यवस्थेत बसवण्याचा प्रयोग तेथे दशकभर आधी झाला होता.

मापनपट्टी : घराच्या आत जाऊन दर्जा मोजायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक राज्यांनी एकाच ठिकाणाहून घेतले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी केंद्रांसाठीची पट्टी १९८० मध्ये आणि घरांसाठीची १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. घरांच्या पट्टीची सुधारित आवृत्ती २००७ मध्ये, डेबी क्रायर यांच्या सहभागाने आली व त्यापुढची २०१९ मध्ये. २००७ च्या पट्टीत सात गटांत मिळून ३८ बाबी आहेत : जागा व सामान, शरीराची निगा, ऐकणे-बोलणे, खेळ व उपक्रम, परस्परसंबंध, दिनक्रम, आणि पालक व चालक. प्रत्येक बाबीला १ ते ७ गुण मिळतात; १ म्हणजे अपुरे, ३ जेमतेम, ५ चांगले, ७ उत्कृष्ट. निरीक्षक काही तास घरात बसून टिपणे घेतो व शेवटी चालकाला प्रश्न विचारतो.

गुण देण्याची रीत शिडीची आहे. १ च्या पायरीवरील एखादे नकारात्मक विधान जरी लागू पडले, तरी त्या बाबीत १ च गुण. वरच्या पायऱ्यांवर काय साधले आहे हे मग पाहिले जात नाही. ३ च्या पायरीवरील सर्व विधाने आणि ५ च्या पायरीवरील निम्मी पूर्ण असली तर ४ गुण. हिशेब सोपा वाटतो, पण घरात त्याचे विचित्र परिणाम होतात. लंगोट बदलल्यानंतर हात धुतले ते बेसिन आणि स्वयंपाकाचे बेसिन एकच असेल, तर दोन वापरांच्या मध्ये ते निर्जंतुक करावे लागते. केंद्रात बेसिने वेगळी असतात म्हणून हा प्रश्नच उद्भवत नाही. घरात मात्र बेसिन एकच, बाळ रडते आहे आणि चुलीवर दूध. अशा वेळी एक पायरी चुकली की निगेच्या बाबीत गुण तळाला जातात, मग बाळाशी तिचे बोलणे कितीही मायेचे असो. रेचेल गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये केंद्रांच्या पट्टीची संख्याशास्त्रीय तपासणी करून या शिडीतच दोष दाखवले. वरच्या पायरीवरील विधाने खालच्या पायरीवरील विधानांपेक्षा नेहमीच कठीण असतात असे नाही, हा त्यांचा मुद्दा होता. घरांच्या पट्टीची बांधणी तशीच असल्यामुळे तो तेथेही लागू पडावा.

काही राज्यांनी या पट्टीच्या जोडीला व्यवहाराची पट्टी घेतली. टेरी टॅलन आणि पॉला जॉर्ड ब्लूम यांची २००९ ची ही पट्टी पालकांशी केलेला लेखी करार, जमाखर्च, विमा, बदली माणसाची सोय अशा गोष्टी मोजते. चालक बाईला उद्योजक म्हणून पाहणारे हे बहुधा एकमेव साधन असून त्याचा वापर मर्यादितच राहिला.

गुणांची बेरीज करण्याच्याही दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत खालची पायरी पूर्ण केल्याशिवाय वरची मिळत नाही. दुसरीत गुण कोठूनही जमवता येतात. नॉर्थ कॅरोलायनाने २००५ च्या सुधारणेनंतर शिक्षणाला ७, कार्यक्रमाच्या निकषांना ७ आणि एक जादा असे १५ गुण ठेवले व १३ ते १५ गुणांना पाच तारे दिले. एकट्या चालकाला दुसरी रीत सोयीची पडते. मात्र पदवी नसलेल्या अनुभवी बाईला शिक्षणाचे वरचे गुण कोणत्याही रीतीत सहसा मिळत नाहीत.

पैसा : १९९० च्या संघीय बालसंगोपन कायद्यात १९९६ मध्ये झालेल्या बदलानुसार राज्यांना मिळणाऱ्या निधीचा किमान ४ टक्के भाग दर्जावाढीसाठी राखीव होता. १९९६ च्या कल्याणकारी मदतीच्या सुधारणेने गरीब मातांना कामावर लोटले, अनुदानित मुले वाढली, आणि त्या पैशातून काय विकत घेतले जाते हा प्रश्न विधिमंडळांत येऊ लागला. तारांकनाला खरा राजकीय जोर येथून मिळाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. २०१४ च्या सुधारणेने राखीव भाग टप्प्याटप्प्याने ९ टक्क्यांपर्यंत नेला व तान्ह्या मुलांसाठी आणखी ३ टक्के ठेवले. दरम्यान २०११ पासून ‘रेस टू द टॉप’ या संघीय अनुदान-स्पर्धेच्या बालशिक्षण विभागात २० राज्यांना मिळून १ अब्ज डॉलरच्या वर निधी मिळाला आणि तारांकन ही त्याची जवळजवळ अट बनली.

चालकाच्या बाजूने हिशेब वेगळा दिसतो. वाढीव दर फक्त अनुदानित मुलांमागे मिळतो. पदरात अशी दोनच मुले असली तर दोन जादा ताऱ्यांतून प्रशिक्षणात गेलेल्या शनिवारांची किंमतही भरून निघत नाही. दिवसभर मुले, संध्याकाळी झाडलोट, रात्री कागदपत्रे, आणि रजेवर जायचे तर बदली कोणी नाही. त्यामुळे जेथे तारांकन ऐच्छिक आहे, तेथे केंद्रांच्या मानाने घरांचा सहभाग कमी राहिला. तारा नसणे म्हणजे दर्जा नसणे, असा अर्थ पालकांनी लावू नये एवढे तरी यावरून निघते.

परवानाधारक घरांची संख्या २००५ ते २०१७ या काळात जवळपास निम्म्यावर आली. यात तारांकनाचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. तुटपुंजे उत्पन्न, चालकांचे वाढते वय, घरभाडे आणि शासकीय शाळांतील मोफत पूर्वप्राथमिक वर्ग ही कारणे अधिक पटण्याजोगी आहेत. मोफत वर्गांनी चार वर्षांची मुले नेली आणि मागे उरली ती तान्ही, ज्यांना सांभाळणे सर्वांत खर्चाचे.

संघटन : इलिनॉयमध्ये २००५ च्या राज्यपालांच्या आदेशाने सुमारे ४९,००० गृहचालकांना अनुदानाच्या दराविषयी शासनाशी सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला. कनेटिकटमधील न्यू हेवन येथे १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑल अवर किन’ या संस्थेने चालकांना जाळ्यात गुंफून घरी जाऊन मार्गदर्शन करण्याची रीत रूढ केली.

परिणाम : ताऱ्यांवरून मुलांची प्रगती कळते का, या प्रश्नाची उत्तरे निरुत्साही आहेत. कोलोरॅडोच्या पद्धतीवरील रँड संस्थेच्या २००८ च्या अहवालात गुण आणि मुलांची प्रगती यांत फारसा संबंध आढळला नाही. टेरी साबोल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की एकूण ताऱ्यापेक्षा मोठ्यांचा मुलांशी होणारा संवाद हा एकटा घटक शिकण्याचा अधिक भरवशाचा निदर्शक ठरतो. मात्र त्यांची सामग्री पूर्वप्राथमिक वर्गांची होती, घरांची नव्हती. व्हर्जिनियाने हाच धागा धरला. तेथे २०२३-२४ पासून सार्वजनिक निधी घेणाऱ्या सर्व ठिकाणांची, घरांसह, मोजणी रॉबर्ट पियांटा यांच्या संवाद-निरीक्षणाच्या साधनाने आणि अभ्यासक्रमाच्या वापरावरून होते. सर्व वयांची मुले एकत्र असणे, भावंडे एकाच छताखाली राहणे, रात्रपाळीच्या पालकांची सोय, घरची भाषा कानावर पडणे या घराच्या खास बाबींना जुन्या पट्ट्यांत जवळजवळ गुणच नव्हते. नव्या पद्धतींतही फारसे नाहीत.

इतर देश : इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्यांची नोंदणी १९४८ च्या कायद्याने सुरू झाली आणि २००१ मध्ये तपासणी ऑफस्टेड या संस्थेकडे गेली. ऑस्ट्रेलियात २०१२ पासूनच्या राष्ट्रीय चौकटीत श्रेणी एकेका घराला मिळत नाही. अनेक घरांची देखरेख करणाऱ्या मान्यताप्राप्त सेवेला ती मिळते. तेथे एका चालकाकडे सातपेक्षा अधिक मुले नसावीत व त्यांत शाळेत न जाणारी चारच असावीत. एकट्या बाईवरचा तपासणीचा भार यामुळे पुष्कळ हलका होतो, आणि अमेरिकेत यासारखे काही का रुजले नाही याचा विचार तेथील लेखकांनी अजून पुरेसा केलेला दिसत नाही.

भारतात बालसंगोपनाचे शासकीय लक्ष अंगणवाडी व कामाच्या ठिकाणची पाळणाघरे यांवर राहिले. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय बंधनकारक केली व त्यासाठी किमान निकषही आले. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढली जात आहेत. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमधून काकू-आजींनी चालवलेली घरगुती पाळणाघरे या निकषांच्या बाहेर राहतात. २०१६ मध्ये खारघर येथील एका पाळणाघरात बालिकेला झालेल्या मारहाणीचे चित्रण उघड झाल्यावर राज्यात नियमावलीची मागणी जोर धरून पुढे आली होती. तिचा भर नोंदणी आणि कॅमेऱ्यांवर होता, श्रेणीकरणावर नव्हता.