विद्यार्थ्यांमधील व्यसनाधीनता (गोवा)

महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी दारू, तंबाखू, गांजा किंवा इतर अमली पदार्थ घेणे आणि त्यातून त्यांना जडणारे व्यसन. गोव्यात हा विषय निघाला की चर्चा लगेच हणजूण-वागातोर या किनारी गावांतल्या पार्ट्यांकडे जाते. १९६०-७० च्या दशकांत तिथे हिप्पी आले तेव्हापासूनची ही सवय आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या सर्वांत जवळ असलेली दारू मात्र नजरेआड राहते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात आणि हे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत गोवा मोडतो. अनेक घरांत फेणी, म्हणजे काजूच्या बोंडांची किंवा माडाची दारू, हे सर्दीवरचे औषध असते. काजूचा हंगाम आणि उन्हाळी परीक्षा साधारण एकाच वेळी येतात. लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घातलेला हुर्राकचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या सौम्य दारूचा, पेला मित्रांच्या बैठकीत हातात येतो, तेव्हा तो घेणाऱ्याला आपण व्यसनाच्या वाटेवर आहोत असे वाटतच नाही. पेडणे किंवा सत्तरीहून येऊन ताळगाव, बांबोळी भागात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला रात्री कुणी विचारणारेही नसते.

व्यसन क्वचितच एकटे येते. परीक्षेची धास्ती, नैराश्य, झोप न लागणे यांवर उतारा म्हणून पिणे सुरू होते. दारूने झोप लवकर लागते पण ती वारंवार मोडते, आणि दुसऱ्या दिवशी मन अधिकच खचते. गांजा निरुपद्रवी असल्याचा समज विद्यार्थ्यांत पक्का आहे. कोवळ्या वयात नियमित सेवन केल्यास मनोविकाराचा धोका वाढतो, विशेषतः घरात तसा इतिहास असेल तर.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवनालाही शिक्षा आहे. याच कायद्याचे ६४-अ कलम मात्र फार थोड्यांना माहीत असते. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते; उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. आईवडील आणि महाविद्यालये बदनामीच्या भीतीने प्रकरण दडपतात, आणि उपचाराची वर्षे त्यातच वाया जातात. हे कलम प्रवेशाच्या माहितीपत्रकातच छापायला हवे.

‘संगाथ’ या गोव्यातील संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांशी झालेल्या जास्तीत जास्त चार बैठकांनीही अनेकांचे पिणे आटोक्यात आले. मुलींचे पिणे अशा अभ्यासांच्या बाहेरच राहते, आणि त्या लपवतातही अधिक.

बांबोळीच्या शासकीय मनोरुग्णालयात व्यसनमुक्ती उपचार मिळतात. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते.