श्वासाला लागतात आठ वॉट

उन्हाळ्यात रात्री लाइन गेली की आमच्या गावात सगळेच जागे होतात. कूलर थांबतो, पाच मिनिटांत घामाच्या धारा लागतात, लोक खाटा अंगणात काढतात. हिवाळ्यात मात्र कुणाला पत्ताही लागत नाही. गव्हाच्या ओलिताचे दिवस होते, डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली आणि पहाटे बाबा धडपडून उठून बसले. तोंडावर मास्क तसाच. "मशीन काहून बंद केली वं?" त्यांनी आईला विचारलं. आईनं मशीनला हातही लावला नव्हता.

बाबांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात आणि श्वासाची वाट बुजते. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जाग आणतो, जोराचा घोरका होऊन वाट मोकळी होते आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. तासाला सरासरी ३० पेक्षा जास्त वेळा असं होत असेल तर आजार तीव्र समजतात. बाबांचा आकडा ४१ निघाला होता.

यावरची सीपॅप मशीन १९८१ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी जगापुढे आणली. ती नाकावाटे हवेचा हलका दाब सतत देत राहते आणि त्या दाबानं घसा उघडा राहतो. दाब किती? साधारण १० सेंटिमीटर पाण्याइतका. बादलीत वीतभरापेक्षाही कमी खोलीवर असतो तेवढाच. पण तो गोळीसारखा अंगात साठून राहत नाही. मशीन थांबली की घसा त्याच रात्री पुन्हा मिटायला लागतो.

त्या पहाटेनंतर मी मशीनला वीजमापक लावून बसलो. आकडा होता ३५ वॉटच्या आसपास. मग हवा ओलसर करायला पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद केला, तर आकडा थेट ८ वर आला. एका एलईडी बल्बएवढा! मला वाटतं, या आजाराच्या प्रत्येक रुग्णाच्या घरी हा फरक माहीत असायलाच हवा.

त्याचं कारण आपल्या माठात आहे. माठातलं पाणी गार होतं, कारण बाहेर पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. कूलरही याच जोरावर चालतो. मशीनमधलं पाणी वाफ होतानाही तेवढीच उष्णता मागतं, फक्त ती विजेतून द्यावी लागते. रात्रभरात ३०० मिलिलिटर पाणी उडालं तर नुसत्या वाफेसाठी साधारण २०० वॉट-तास लागतात. हवा ढकलायला आठ तासांत लागतात ६४. म्हणजे विजेचा मोठा वाटा श्वासाला नाही, पाण्याला जातो.

म्हणून लाइन नसेल त्या रात्री गरम करणं बंद ठेवायचं. टाकीत पाणी राहू द्यावं, गार पाण्यावरून गेलेली हवाही थोडी ओल घेते. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असतो, तेव्हा फारसा त्रास होत नाही. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या रात्री नाक सुकतं, हे खरं आहे. पण सुकलेलं नाक सकाळी बरं होतं, मिटलेला घसा रात्रभर छळतो. नाक फारच चोंदत असेल तर आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

"घरी इन्व्हर्टर आहे की," असं बरेच जण म्हणतात. आहे, पण त्यावर पंखेही आहेत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवत राहिलं तर लवकर मरते, म्हणजे हाती ९०० च्या आसपास. ७५ वॉटचे दोन जुने पंखे तेवढे सहा तासांत संपवतात. मशीन बंद पडते ती बाबांच्या श्वासामुळे नाही, पंख्यांमुळे. शिवाय विदर्भाच्या उन्हात बॅटरीतलं पाणी लवकर आटतं. एप्रिल लागला की डिस्टिल्ड वॉटर पाहिलंच पाहिजे.

आम्ही मशीनची बॅटरी वेगळीच केली. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि कंपनीनं त्या मॉडेलसाठी सांगितलेला डीसी कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट मशीनला लागतात तेवढे करून देणारा डबा. आमची मशीन २४ व्होल्टवर चालते, काही १२ वर चालतात; मागची पट्टी वाचल्याशिवाय वायर जोडू नये. मध्ये इन्व्हर्टरच नसला की त्याच्या स्वतःच्या पोटाला लागणारी वीजही वाचते. पाणी गरम न करता ही बॅटरी आमच्याकडे दोन रात्री पुरते. ट्रॅक्टरची बॅटरी अडीनडीला चालेल, पण ती इंजिन उठवायला बनलेली असते, रोज रिकामी होणं तिला सोसत नाही. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे ती खाटेखाली ठेवू नये. जनरेटरही घरात किंवा ओसरीत नको, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेत जीव घेतो.

छतावरच्या सोलरबद्दल एक गैरसमज गावोगावी दिसतो. लाइनशी जोडलेलं साधं सोलर लाइन गेली की स्वतःही बंद होतं. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. रात्रीचा तर प्रश्नच नाही. रात्रीसाठी बॅटरी लागते.

जोडणी झाली की दिवसा, सगळे जागे असताना, मेन स्विच पाडून पाहावं. काही मशीन वीज आल्यावर बटण दाबेपर्यंत थांबून राहतात. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावणाऱ्यांनी मात्र हे हिशेब वापरू नयेत, त्याला ३०० वॉटच्या आसपास लागतात.

आणि बॅटरीही संपली तर? मास्क काढून ठेवायचा. मशीनची हवा थांबली की सोडलेला श्वास मास्कच्या छिद्रांतून बाहेर फेकला जात नाही, नळीतच घोटाळतो. पाठीवर न झोपता कुशीवर झोपायचं, डोकं उंच ठेवायचं, त्या रात्री दारू आणि मनानं घेतलेली झोपेची गोळी नको. बाबा तशा रात्री पाठीमागे दुलईची वळकटी लावून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरची चावी माझ्याकडे देतात.