राउटिंग टेबलमधली छोट्यांची ओळ

परभणी-लातूरकडच्या केबल-इंटरनेटवाल्याच्या राउटरमध्ये राउटिंग टेबल असतं, म्हणजे कुठल्या पत्त्याचा डेटा कुठल्या वाटेनं पाठवायचा याची यादी. त्यात कामाच्या ओळी मोजक्याच. घरांकडे जाणारी नेटवर्कं आणि ०.०.०.०/० च्या, म्हणजे बाकी सगळ्या पत्त्यांसाठीच्या, दोन डिफॉल्ट ओळी. एकीचं डिस्टन्स (पसंतीचा आकडा, लहान तो आधी) १, दुसरीचं २. पहिली फायबर तुटली की दुसरी ओळ लागू होते.

गोंधळ होतो तो डिस्टन्सबद्दल. १०.२०.०.०/१६ हा पत्त्यांचा गट (/ नंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान) एका पोर्टवर आणि त्यातलाच १०.२०.५.०/२४ दुसऱ्या पोर्टवर असेल, तर १०.२०.५.९ चं पॅकेट (डेटाचा तुकडा) /२४ च्याच वाटेनं जाणार, डिस्टन्स काहीही लिहा. आधी लांब प्रीफिक्स, म्हणजे / नंतरचा मोठा आकडा, बघितला जातो. डिस्टन्सचा प्रश्न येतो तो एकाच प्रीफिक्सला दोन वाटा असतील तेव्हाच.

हा नियम जगभर रुजला तो १९९३ च्या निर्णयानंतर. त्याआधी पत्ते वर्गांनी मिळत: सी वर्गात २५६, बी वर्गात एकदम ६५,५३६. दोन हजार पत्ते हवे असणाऱ्यानं करायचं काय? बी वर्ग संपत आला, तेव्हा वर्गच मोडीत काढले.

खरा वाद त्यानंतरचा. पत्ते वरच्या, म्हणजे आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्या, कंपनीकडून घ्यायचे की स्वतःचे ठेवायचे? वरच्याचे घेतले तर जगाच्या टेबलात (मोठ्या राउटरांमधल्या साऱ्या इंटरनेटच्या यादीत) ओळ वाढत नाही, पण कंपनी बदलली की सगळ्या नेटवर्कचे पत्ते बदला. स्वतःचे घेतले तर प्रत्येक मोठ्या राउटरवर एका ओळीचा भार. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीनं पत्त्यांच्या काही पट्ट्यांत /१९ पेक्षा लहान ब्लॉकच्या ओळी घेणंच बंद केलं. मेमरीची अडचण खरी होती, पण त्याचा भुर्दंड छोट्यांनीच का सोसावा, याचं पटेल असं उत्तर तेव्हाही मिळालं नाही.

पुढे /२४ (२५६ पत्ते) ही सीमा रूढ झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये टेबल ५ लाख १२ हजार ओळींच्या आसपास पोचलं आणि तेवढ्याच ओळी मावणारे काही जुने राउटर कोलमडले. आज ते ९ लाखांच्या पुढे आहे.

आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतले बरेच जण या धंद्यात उतरले तोवर पत्ते संपत आले होते. आशिया-पॅसिफिकमध्ये २०११ पासून नव्या सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत, २०१९ पासून ५१२. म्हणून शेकडो घरं एका पत्त्यामागे बसवावी लागतात. पण त्या ५१२ चे दोन /२४ होतात, आणि एक-एक /२४ दोन वेगळ्या कंपन्यांमार्फत जाहीर करता येतो. त्याहून लहान तुकडा मात्र पुढे कुणी घेत नाही.