इंग्रजीतला ‘इफ’ हा ‘दे’ नव्हे

इंग्रजीत ‘जर’ या अर्थी येणारा ‘इफ’ हा ‘गिव्ह’, म्हणजे ‘देणे’, या क्रियापदाचा आज्ञार्थ आहे, असे अजूनही सांगितले जाते. ‘एवढे गृहीत धरू दे, मग पुढचे’ अशी त्यामागची कल्पना. इंग्रज भाषाभ्यासक जॉन हॉर्न टूक यांनी १७८६ साली ती मांडली आणि ती लोकांना पटलीही. पटण्यासारखीच होती: जुन्या इंग्रजीत हे अव्यय ‘गिफ’ असे लिहीत आणि ‘दे’ हे रूपही जवळपास तसेच दिसे.

पण एकट्या इंग्रजीकडे पाहून निकाल देता येत नाही, तिच्या बहिणींना, म्हणजे त्याच जर्मॅनिक कुळातल्या भाषांनाही, विचारावे लागते. जुन्या नॉर्समध्ये ‘देणे’ म्हणजे ‘गेफा’, आणि ‘जर’ म्हणजे नुसते ‘एफ’. जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘गेबन’ आणि ‘इबु’. गॉथिकमध्ये ‘गिबन’ आणि ‘यबै’. क्रियापदातला ‘ग’ सगळीकडे ठाम उभा आहे, अव्ययात मात्र तो कुठेच नाही. जुन्या इंग्रजीतल्या ‘गिफ’चा उच्चारही ‘यिफ’ असाच होता. फसवले ते लिपीने.

आजचे जर्मन ‘ओब’ आणि डच ‘ऑफ’ याच कुळातले. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नॉर्सचा पुरावा: तिथे ‘एफ’ नामही आहे, अर्थ ‘शंका’.