दहा लाख वेळा ऐकलं गेलं म्हणजे रॅपर श्रीमंत झाला का?

‘सेनेगलच्या डाकारहून पॅरिसला गेलेल्या पोराचं रॅप दहा लाख वेळा ऐकलं गेलं, आता त्याचं जन्माचं भागलं,’ अशा अर्थाचे मजकूर वर्षानुवर्षं फिरतात. आकडाच एवढा मोठा आहे की तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण तसं होत नाही.

बहुतेक मोठी संगीत ॲप्स दर ऐकण्यामागे ठरलेला भाव देत नाहीत. वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एकत्र होतात, त्यातला साधारण दोनतृतीयांश हिस्सा हक्कधारकांकडे, म्हणजे गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे, जातो आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार विभागला जातो. हा हिशेब देशागणिक वेगळा असतो. सेनेगलमध्ये वर्गणी फ्रान्सपेक्षा बरीच स्वस्त आहे. त्यामुळे डाकारच्या दोस्तांनी हजारदा वाजवलेलं, वोलोफ या तिथल्या भाषेतलं गाणं पॅरिसमधल्या हजार वेळांपेक्षा कमी पैसे आणतं. जे रॅपरची भाषा खरोखर समजतात, त्यांच्याच ऐकण्याला कमी मोल, हे मला फार टोचतं.

पडताळा घरीच घेता येतो. कर बाजूला ठेवून महिन्याची वर्गणी 12 युरो धरा, म्हणजे हक्कधारकांचे 8. महिन्यात 1,000 गाणी ऐकली, तर एका वेळेचे 0.008 युरो. दहा लाखांचे 8,000. जाहिराती सोसून फुकट ऐकणारे मिसळले की रक्कम आणखी घसरते. मग लेबल (गाणं काढणारी कंपनी), वितरक, बीट म्हणजे रॅपमागचं संगीत बनवणारा यांचे वाटे जातात. उरतं त्यात पॅरिसचं काही महिन्यांचं घरभाडं निघालं तरी पुष्कळ. म्हणूनच असे कलाकार कार्यक्रमांमागे धावतात. गीत-संगीताची रॉयल्टी वेगळी असते, पण त्यासाठी आधी गाण्याची नोंदणी करावी लागते.