रात्रीचे पावणेबारा, अण्णा आणि आमचा रक्तदात्यांचा ग्रुप

ऑक्टोबरातली गोष्ट. डेंगूचा सीझन, दवाखाने फुल्ल, आणि आमच्या परभणीच्या रक्तदाता ग्रुपवर रात्री पावणेबाराला एका पोराचा मेसेज आला, वडलांच्या प्लेटलेट लई खाली आल्यात, बी पॉझिटिव्ह डोनर पाहिजे, कुणी आहे का. दोन मिनिटात ग्रुपमधल्याच आमच्या अण्णांचा रिप्लाय, "वा, फारच लवकर आठवण झाली आपल्याला." झालं! एका ताईनं लिहिलं, पोराचा बाप ॲडमिट आहे अन् तुम्हाला टोमणे सुचायलेत का, अण्णांनी तिलाच ऐकवलं, मग आणखी दोघं मध्ये पडले, आणि सकाळी उठून बघतो तर चार जण लेफ्ट. त्यातला एक ओ निगेटिव्ह. ओ निगेटिव्ह माणूस आपल्याकडं शोधायचा म्हणजे काय असतं ते ज्यानं शोधलंय त्यालाच माहीत.

आणि त्या रात्री साडेबाराला गाडी काढून रक्तपेढीत गेला, तास-दीड तास मशीनला बसून प्लेटलेट देऊन आला, तो माणूस कोण? अण्णाच.

आता सांगा, ॲडमिननं काय करावं. काढलं तर हक्काचा डोनर जातो, ठेवलं तर बाकीचे जातात. पगार असता तर मेमो दिला असता, इथं सगळेच फुकटफौजदार, कुणाला काय बोलणार. मी त्या आठवड्यात या विषयावर जे सापडेल ते वाचत बसलो, कारण आमचं भांडण काय जगात पहिलं नव्हतं (जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतो आपण, पण याबाबतीत सगळं जग सारखंच निघालं).

पहिली गोष्ट म्हणजे लिहिलेला टोमणा. 2005 मध्ये क्रुगर आणि एपली या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत एक प्रयोग छापला. लोकांना काही वाक्यं पाठवायला लावली, काही सरळ, काही उपरोधिक, एकदा ईमेलवर आणि एकदा तोंडी बोलून. पाठवणाऱ्यांना वाटायचं की समोरच्याला आपला सूर 78 टक्के वेळा कळेल. तोंडी बोललेलं साधारण तेवढं कळलंही. ईमेलवरचं मात्र 56 टक्केच, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तर यापेक्षा फार वेगळं आलं नसतं. कारण साधं आहे, लिहिताना आपला आवाज आपल्या कानात वाजत असतो आणि तो समोरच्यालाही ऐकू जातोय असंच आपण धरून चालतो. अण्णा नंतर मला म्हणले की ते वाक्य त्या पोराला नव्हतंच, दवाखान्याला होतं, जे दिवसभर गप्प बसून रात्री नातेवाइकांना पळवतात. कुणाला कळलं होतं हे? मला पण नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी 2017 मध्ये 667 लोकांवर प्रयोग केला. आधी एक परीक्षा, काहींना सोपी, काहींना मुद्दाम डोकं उठवणारी अवघड. मग एका लेखावर मत लिहायचं, आणि काहींना त्याखाली आधीच खवचट मतं दिसत होती. मूड चांगला आणि वरची मतं साधी असली तर 35 टक्के लिखाण वाकडं निघालं, मूड खराब आणि वर खवचटपणा असला तर 68 टक्के. माणसं साधीसुधीच, सराईत भांडकुदळ कुणी वेचून आणले नव्हते. आणि खऱ्या चर्चांची आकडेवारी तपासली तर रात्री उशिरा हे प्रकार वाढतात असंही दिसलं. मला तर आमच्या ग्रुपवरची एकूण एक भांडणं आठवली, दुपारचं एक सापडलं तर शपथ.

पण सगळ्यात जास्त डोक्यात बसला तो विल फेल्प्स या संशोधकाचा प्रयोग. चार-चार विद्यार्थ्यांचे गट, सगळ्यांना पाऊण तासाचं काम, आणि प्रत्येक गटात एक नट गुपचूप घुसवलेला. कधी तो सगळ्यांचा पाणउतारा करणारा, कधी अंग चोरणारा, कधी कशातच राम नाही म्हणून टेबलावर डोकं टेकणारा. एवढ्या एका माणसानं गटाचं काम 30 ते 40 टक्क्यांनी खाली आलं. आणि बाकीचे त्याला विरोध करत नव्हते बरं का, ते त्याच्यासारखेच वागायला लागायचे! पाणउतारा करणारा असला की बाकीचेही एकमेकांना टोचायचे, डोकं टेकणारा असला की थोड्या वेळात अख्खं टेबल आडवं. आमच्याकडंही तेच, ताई एरवी इतकी मऊ बाई, ती त्या रात्री अण्णांच्याच भाषेत बोलत होती. एक गट मात्र सुटला. त्यात एक पोरगा होता, त्यानं नटाला ना झापलं ना काढलं, तो नुसता प्रश्न विचारायचा, तुला काय वाटतं, मग तू सांग, आणि त्याचं ऐकून घेऊन दुसऱ्याकडं वळायचा. हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ पंख्याकडं बघत बसलो, कारण आपण ॲडमिन असून त्या रात्री सगळं वाचत गप्प पडून होतो.

दंडाचा उपाय आम्ही आधीच करून बसलो होतो. गुड मॉर्निंगला वीस रुपये, चहा फंडात. एका काकांनी दुसऱ्याच दिवशी शंभर रुपये फोनपे केले, पाच दिवसांचे ॲडव्हान्स धरा म्हणले. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांनी हेच भोगलंय, लेकरं उशिरा नेणाऱ्या आईबापांना दंड लावला तर उशीर जवळपास दुप्पट झाला, आणि दंड उठवला तरी कमी झाला नाही. आधी लाज वाटायची, आता रेट माहीत झाला. 2000 साली छापून आलंय.

मग काय करायचं तर एलिनॉर ऑस्ट्रॉम. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल, ते मिळालेली पहिली बाई. पाटाचं पाणी, कुरणं, जंगलं गावं स्वतःच्या स्वतः कशी सांभाळतात हे तिनं आयुष्यभर बघितलं. जिथं टिकलं तिथं एक गोष्ट सारखी दिसली, चुकणाऱ्याला पहिल्यांदा अगदी हलकी शिक्षा, परत चुकला तर थोडी जास्त, आणि लक्ष ठेवणारे लोक आपल्यातलेच. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ज्याची शेती आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही, पाण्याची पाळी मोडणाऱ्याला पहिल्या दिवशी कुणी कोर्टात नेत नसतं, आधी बांधावर जाऊन "दादा, काय चाललंय हे" एवढंच विचारतात. हलकं का, तर चूक गैरसमजातून झालेली असू शकते आणि माणसाला मागं यायला वाट राहते.

अपवाद आहे. मागं एकानं पेशंटच्या नातेवाइकाकडं डोनर आणून देतो म्हणून पैसे मागितले, त्याला पाच मिनिटात काढलं, कुणालाच विचारलं नाही. आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणं 1 जानेवारी 1998 पासून बंद आहे, तिथं कसल्या पायऱ्या.

अण्णांकडं मात्र मी घरी गेलो. ग्रुपवर एक अक्षर टाकलं नाही. ते ओट्यावर तूर निवडत बसले होते. म्हणलं, अण्णा, त्या दिवशी काय झालं होतं? अर्धा तास ते बोलत होते, मी हूं हूं करत बसलो. शेवटी म्हणले, "तू तर बोललास बाबा, बाकीचे दोनशे जण नुसते बघायलेत. मी प्लेटलेट देऊन आलो, सकाळी दहाला पण ते मेसेज फिरायलेत, लोकं फोन करायलेत, कुणी सांगायलंय का डोनर मिळाला म्हणून?"

खरं होतं ते. आमच्याकडं रिक्वेस्ट टाकणारे शंभर, बंद करणारा कुणीच नाही, डोनर मिळून दोन दिवस झाले तरी फॉरवर्ड चालूच. म्हणलं, अण्णा, मग हे काम तुम्हीच घ्या. अन् रात्री दहानंतर जे काय बोलायचंय ते मला फोनवर बोला, ग्रुपवर नको.

तेव्हापासून प्रत्येक रिक्वेस्टखाली अण्णांचा मेसेज पडतो, "डोनर मिळाला. आता थांबा. फोन करू नका." तीन वाक्यं, वर ना नमस्कार ना खाली हात जोडलेले. ताई अजून त्यांच्याशी बोलत नाही, पण त्याला अंगठा देते. ओ निगेटिव्हवाल्याला दोनदा फोन केला, बघू म्हणलाय. आणि अण्णा रात्री साडेअकराला मला फोन करतात, बायको म्हणती, हे तू काय लावून घेतलंस मागं.