डिजिटल रंगकाम : प्राथमिक अभ्यास

संगणक, टॅबलेट किंवा मोबाइलच्या पडद्यावर चित्र काढून ते सॉफ्टवेअरच्या साहाय्याने रंगवण्याच्या तंत्राला डिजिटल रंगकाम म्हणतात. बोलण्यात ‘कलरिंग’ आणि ‘पेंटिंग’ हे शब्द एकाच अर्थाने येतात, पण करणारे त्यांत फरक करतात. आधी रेघांचे चित्र पक्के करून त्यात रंग भरला, तर ते कलरिंग. रेघेचा आधार न घेता रंगाच्या फटकाऱ्यांतूनच आकार उभा केला, तर ते पेंटिंग. नवशिका बहुधा कलरिंगपासून सुरुवात करतो, म्हणून ही नोंदही मुख्यतः त्याविषयी आहे.

महाराष्ट्रात या वाटेला लागणाऱ्या पुष्कळांनी शाळेत असताना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, पोस्टर कलरच्या बाटल्या आणि पाण्याचा मग ही त्यांची शिदोरी. ती पडद्यावर बरीच कामी येते. तांब्यावर उजेड कुठून पडतो, सावली टेबलावर कुठे सांडते, लांबची कडा का आखूड दिसते, हे चित्रकलेच्या सरांनी शिकवलेले सगळे तसेच लागू पडते. एकच गोष्ट मात्र नव्याने शिकावी लागते, ती म्हणजे रंगांचे मिश्रण.

कागदावर पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो. तोच प्रयोग पडद्यावर केला, म्हणजे निव्वळ पिवळ्यावर निव्वळ निळा निम्म्या ओपॅसिटीने, म्हणजे खालचा रंग निम्मा दिसेल अशा पारदर्शकतेने, चढवला, तर हिरवा येत नाही, राखाडी येतो. यात सॉफ्टवेअरची काही चूक नाही. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उजेडांचा बनलेला असतो आणि प्रत्येकाची तीव्रता ० ते २५५ या आकड्यांत मोजतात. पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. निळा म्हणजे ०, ०, २५५. दोहोंची सरासरी काढली की तिन्ही आकडे सुमारे १२८ येतात, आणि तिन्ही सारखे असले की तो करडा. रंगद्रव्य उजेड शोषून घेते, पडदा उजेड फेकतो. सगळा फरक इथे आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये आता खऱ्या रंगद्रव्यासारखे मिश्रण होण्याची सोय आहे, पण ती सर्रास नाही. म्हणून डिजिटल रंगकामात रंग ‘कालवण्या’पेक्षा रंगचक्रातून नेमका ‘उचलण्या’ची सवय लावून घ्यावी लागते. तीन उजेडांच्या २५६ पायऱ्यांतून १,६७,७७,२१६ रंग तयार होतात. नवशिक्याच्या दृष्टीने खरी अडचण हीच म्हणायची, कारण बारा बाटल्यांच्या डब्यात निवड आपोआप आवरती राही.

रंगचक्राच्या खिडकीत तीन मापे असतात. पहिले रंगाचे नाव, म्हणजे तो लाल की जांभळा. दुसरे तीव्रता, म्हणजे तो किती भडक किंवा किती विटका. तिसरे उजळपणा. या तीन मापांची एचएसव्ही (ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू) ही मांडणी अॅल्व्ही रे स्मिथ यांनी १९७८ मध्ये संगणकासाठी रूढ केली. आजही रंग निवडताना बहुतेकांचे बोट याच मांडणीवर फिरते.

पडद्यावर हाताने चित्र काढण्याची सुरुवात याच्याही आधीची. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात ‘स्केचपॅड’ ही प्रणाली तयार केली. त्यात प्रकाशलेखणी पडद्याला टेकवून रेघ ओढता येई. पुढल्याच वर्षी रँड टॅबलेट ही लेखणीने चित्र काढायची पाटी आली. रंग भरता येणारी ‘सुपरपेंट’ ही प्रणाली रिचर्ड शूप यांनी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी उभारली. चित्राचे भाग पारदर्शकतेसह एकावर एक कसे बसवायचे याचे गणित टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडले. नॉल बंधूंचे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले, पण ज्याच्याशिवाय आज कुणाचे पान हलत नाही तो ‘लेअर’, म्हणजे चित्राचा एकावर एक ठेवता येणारा पारदर्शक थर, त्यात १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आला. मधली चार वर्षे लोक लेअरविना कसे काम करत असतील, याची आज मोबाइलवर शिकणाऱ्या पोराला कल्पना करता येणार नाही. कॉमिक्सच्या धंद्यात संगणकावरचे रंगकाम १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुजले. ‘आकिरा’ या जपानी चित्रकथेची अमेरिकी आवृत्ती १९८८ पासून निघू लागली, तिचे स्टीव्ह ऑलिफ यांनी केलेले रंगकाम त्यातले ठळक उदाहरण. ‘फ्लॅटर’ हा कामगारही याच धंद्यात तयार झाला. त्याचे काम एवढेच, की प्रत्येक आकारात सपाट रंग भरून पान पुढे द्यायचे.

साधनांविषयी थोडक्यात. संगणकाला जोडायच्या पाटीला आपल्याकडे ‘पेन टॅब’ म्हणतात. तिच्यावर हात खाली आणि नजर समोर असल्याने पहिले आठ-पंधरा दिवस रेघ भलतीकडेच जाते. हे सगळ्यांचे होते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या वाकॉम या जपानी कंपनीने बॅटरीविना चालणारे पेन रूढ केले. पाटीतून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर पेनमधले वेटोळे चालते आणि पेन किती दाबले तेही पाटीला कळते. जाहिरातीत दाबाच्या ८,१९२ पायऱ्या लिहिलेल्या असतात, पण हाताला त्यातल्या फारच थोड्या जाणवतात, तेव्हा त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअरमध्ये क्रिटा पूर्णपणे मोफत आणि मुक्त आहे. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ खडू. आयपॅडवर प्रोक्रिएट, मोबाइलवर आयबिस पेंट आणि मंगा-कॉमिक्सवाल्यांत क्लिप स्टुडिओ पेंट चालतात. यांतले कोणतेही एक घेऊन वर्षभर बदलू नये. नवा ब्रश शोधण्यात जेवढ्या संध्याकाळी जातात तेवढ्यात एक वही भरली असती.

रेघेचा अभ्यास सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही. लांब रेघ मनगटातून ओढली की वाकते, खांद्यातून ओढली की सरळ येते. सॉफ्टवेअरमधला ‘स्टॅबिलायझर’ रेघेतली थरथर काढून हात स्थिर केल्याचा भास निर्माण करतो. तो थोडा असावा, फार ठेवला तर रेघ गुळगुळीत पण मरगळलेली येते. गोल, घन, नळकांडे आणि शंकू हे चार आकार कोणत्याही बाजूने काढता येऊ लागले, की माणसाचा दंड नळकांड्यातून आणि डोके गोलातून उभे राहते. यथार्थदर्शन, म्हणजे लांबचे लहान दिसण्याची रीत, इथेच शिकून घ्यावे. रंग चढवल्यावर रेखाटनातला दोष झाकला जाईल अशी आशा सगळ्यांनाच असते. प्रत्यक्षात तो उठून दिसतो.

आता एक तांब्या रंगवून पाहू. ए४ आकाराचा कागद छपाईच्या ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) २,४८० गुणिले ३,५०८ पिक्सेलचा होतो. जुन्या मोबाइलला एवढ्या कागदावर फार लेअर पेलत नाहीत, म्हणून सरावाला याच्या निम्मी मापे पुरतात. सर्वांत वर रेघांचा लेअर. त्याखाली तांब्याचा एक, टेबलाचा एक, मागच्या भिंतीचा एक. प्रत्येकात एकच सपाट रंग, छटा नाही, सावली नाही. याला ‘फ्लॅट’ म्हणतात. बादलीचे हत्यार वापरून रंग ओतला तर रेघेच्या कडेला पांढरी फट राहते. रेघेची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसू नये म्हणून सॉफ्टवेअर तिथे अर्धवट पारदर्शक ठिपके ठेवते आणि बादली त्यांना सीमा समजते. उपाय सोपा : निवडलेला भाग एक-दोन पिक्सेलने फुगवायचा आणि मग ओतायचा. रेघेत कुठे बारीक खंड राहिला असेल तर रंग सगळ्या कागदभर सांडतो. हा अनुभव आल्याशिवाय कुणी रेघ नीट जोडायला शिकत नाही.

फ्लॅटवर सावलीचा लेअर ‘क्लिप’ करायचा, म्हणजे रंग तांब्याच्या बाहेर जात नाही. या लेअरची रीत, म्हणजे तो खालच्या रंगात कसा मिसळतो ते, ‘मल्टिप्लाय’ ठेवतात. नावाप्रमाणे तिथे गुणाकार होतो : खालचा आकडा गुणिले वरचा, भागिले २५५. तांब्याचा मूळ रंग २००, १२०, ७० धरू. त्यावर नुसता करडा १५०, १५०, १५० चढवला तर सावली ११८, ७१, ४१ येते. करड्याऐवजी निळसर १५०, १४०, १९० घेतला तर ११८, ६६, ५२. आकड्यांत फरक थोडा दिसतो, पण दुसरी सावली हवेशीर वाटते आणि पहिली काजळी धरल्यासारखी. खिडकीतून पिवळसर ऊन येत असेल तर जिथे ऊन पोचत नाही तिथे आभाळाचा निळसर उजेड पोचतोच. सावली थंड रंगाकडे झुकते ती यामुळे. ट्यूबलाइटखाली तांब्या ठेवला तर हे गणित बदलते, म्हणून ‘सावली नेहमी निळी’ असे पाठ करून ठेवू नये. शेवटी तांब्याच्या पोटाखाली टेबलाच्या रंगाची फिकट झाक द्यायची आणि गळ्यावर एक धारदार चमक. धातूची चमक कडक कडेची असते. मऊ ब्रशने घासलेली चमक दिली की तांब्या मातीचा होतो.

मऊ ब्रशचा हा मोह नवशिक्याच्या कामात सगळीकडे दिसतो. आकाराच्या मध्यभागी उजळ आणि कडेकडेने गोलाकार गडद अशी छटा दिली, की नाक, आंबा, डोंगर सगळे उशीसारखे फुगलेले दिसते. उजेड कोणत्या बाजूने येतो हे न ठरवता रंग भरल्याची ती खूण. आधी कडक कडेच्या ब्रशने उजेड आणि सावली असे दोनच भाग पाडावेत, आणि गरज असेल तिथेच कड मऊ करावी.

चित्र फसले की नवशिका रंग बदलत बसतो. बहुतेक वेळा रंग ठीक असतो, उजळ-गडदाचा हिशोब चुकलेला असतो. शाळेत ज्याला छायाभेद म्हणतात तो हाच. तपासण्यासाठी चित्र अधूनमधून कृष्णधवल करून पाहण्याची रीत आहे, पण तिच्यातही एक खड्डा आहे. ‘डिसॅच्युरेट’ ही आज्ञा अनेक ठिकाणी फक्त सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांचा मध्य काढते. त्यामुळे निव्वळ पिवळा आणि निव्वळ निळा दोन्ही एकसारखे करडे होतात. डोळ्याला तर पिवळा जवळजवळ पांढरा आणि निळा जवळजवळ काळा वाटतो, कारण उजळपणाच्या जाणिवेत हिरव्या उजेडाचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालाचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. भरवशाची युक्ती अशी : सर्वांत वर काळ्याने भरलेला लेअर ठेवायचा आणि त्याची रीत ‘कलर’ करायची. तो चालू-बंद करून छायाभेद हवा तेव्हा पाहता येतो. चित्र अंगठ्याच्या नखाएवढे लहान करून पाहिले तरी आकृती मागच्या भिंतीपासून सुटते की नाही ते कळते.

काही जण आधी सगळे चित्र करड्या छटांत पूर्ण करतात आणि मग त्यावर रंगाचे लेअर चढवतात. युरोपीय तैलचित्रांतल्या ग्रिझाय पद्धतीचा हा वंशज. छायाभेद शिकायला ती उत्तम, पण माणसाची कातडी त्यात बहुधा मातकट येते. उजेडापासून सावलीकडे जाताना रंगाचे नावही थोडे सरकावे लागते, ते वरून चढवलेल्या नुसत्या पातळ रंगाने होत नाही.

शेजारच्या रंगामुळे रंग बदलून दिसतो, हे पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यातल्या रंगाईचे प्रमुख मिशेल-यूजेन शेव्रल यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडले. तिथे विणलेल्या गालिच्यांतला काळा फिका दिसतो अशी तक्रार होती. दोष रंगाईत नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता. पडद्यावर ड्रॉपरने, म्हणजे चित्रातल्या ठिपक्याचा नेमका रंग उचलणाऱ्या हत्याराने, रंग उचलून पाहिले की याचा पडताळा लगेच येतो. नारिंगी संध्याकाळीत ‘निळा’ दिसणारा सदरा उचलला तर तो साधा करडा निघतो. रंगाचे नाव मनात धरून रंग न भरता शेजार पाहून भरायला शिकवणारा याहून चांगला सराव नाही. रोज एका छायाचित्रातले पाच रंग आधी अंदाजाने लावायचे आणि नंतर ड्रॉपरने ताडून बघायचे. महिन्याभरात अंदाजातली तफावत कमी होते. बरेच जण सुरुवातीला तीव्रता जास्त धरतात, असे आढळते.

काम जपून ठेवण्याच्या बाबतीत दोनच गोष्टी. लेअरसह मूळ फाइल वेगळी ठेवावी, कारण जेपीजीत लेअर सपाट होतात आणि पुन्हा पुन्हा जतन केल्यास कडेला धुरकट ठिपके जमतात. सपाट रंगाच्या चित्राला पीएनजी बरे. दुसरी गोष्ट छपाईची. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ असो की फ्लेक्स, छापखान्याची शाई निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांची असते आणि पडद्यावरचे झगझगीत हिरवे, निळे, जांभळे तिच्या आवाक्याबाहेरचे. पडद्यावर मोराचा गळा जसा चमकतो तसा तो कागदावर उतरत नाही. छपाईत रंग कसे दिसतील ते पडद्यावरच दाखवणाऱ्या ‘सॉफ्ट प्रूफ’ची सोय क्रिटात आणि फोटोशॉपमध्ये आहे. ती चित्राच्या शेवटी नव्हे तर फ्लॅट भरतानाच चालू केली, तर गळ्याचा निळा शाईला झेपेल एवढाच धरता येतो आणि आजूबाजूचे रंग विटके ठेवून त्याला उठाव देता येतो.